छोट्या विमानांसाठी प्राणवायू उपकरण निवडताना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नवी मुंबईत विमानतळ आल्यापासून वैमानिक होऊ पाहणाऱ्या येथील तरुणांसाठी हे पत्र लिहीत आहे. केबिनमध्ये दाब न राखणाऱ्या छोट्या विमानात उंचीबरोबर हवेतील प्राणवायूची टक्केवारी घटत नाही, तर हवेचा दाब घटतो आणि १८,००० फुटांवर तो समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा उरतो. अमेरिकी नियमांनुसार वैमानिकाला १२,५०० फुटांच्या वर अर्ध्या तासानंतर आणि १४,००० फुटांच्या वर पूर्ण वेळ अतिरिक्त प्राणवायू घ्यावा लागतो; रात्रीची नजर मात्र ५,००० फुटांपासूनच मंदावू लागते, हे कोणी फारसे सांगत नाही.

नाकातील नळी सुटसुटीत असली तरी ती १८,००० फुटांपर्यंतच चालते आणि नाक चोंदलेले असल्यास तीही निरुपयोगी ठरते, म्हणून मास्क जवळ हवाच. श्वासागणिक मोजका वायू सोडणारे यंत्र सिलिंडर कितीतरी अधिक काळ पुरवते. परंतु ते बॅटरीवर अवलंबून असल्याने सोबत सतत प्रवाहाचा साधा रेग्युलेटर ठेवावा, असे माझे मत आहे. करोनाकाळात घरोघरी आलेले कॉन्सन्ट्रेटर येथे कामाचे नाहीत, कारण ते भोवतालच्या विरळ हवेतूनच प्राणवायू वेगळा करतात. त्या काळातील बोटाचा ऑक्सिमीटर मात्र अवश्य न्यावा, कारण प्राणवायू कमी पडलेल्या माणसाला बरेचदा उलट प्रसन्नच वाटत असते. जोडण्यांना तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये. दाबाखालील प्राणवायूत ते पेट घेऊ शकते.

आपला,
एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई