निर्णय ज्येष्ठांना विचारून घ्या

महोदय,

उतारवयात कुठे राहायचे, हे बहुतेक वेळा घाईत ठरते. कुणी पडल्यावर, हाड मोडल्यावर किंवा जोडीदार गेल्यावर. आणि ज्याला त्या घरात राहायचे, त्यालाच सर्वांत शेवटी विचारले जाते. हे मला फार अन्यायाचे वाटते. मुलांकडे, स्वतःच्याच घरी की ज्येष्ठांच्या वसाहतीत, हे हातपाय धड असतानाच त्यांच्याशी बोलून ठरावे.

पुष्कळदा घर सोडण्याची गरजच नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ६५ वर्षांपुढील साधारण तिघांपैकी एक जण दरवर्षी पडतो. न्हाणीघरात आधाराचा दांडा, न घसरणारी फरशी, पलंगापासून शौचालयापर्यंत रात्रीचा दिवा आणि बाहेर उघडणारे दार (आत कोणी पडले, तर आत ढकलायचे दार अडते) ही कामे घर बदलण्याच्या मानाने किरकोळ आहेत.

पण नुसते सुरक्षित घर पुरत नाही. लिफ्टविना तिसऱ्या मजल्यावर राहणारा माणूस हळूहळू ओळखीपाळखीला मुकतो. संघटनेच्या २००७च्या ज्येष्ठस्नेही शहरांच्या मार्गदर्शिकेत घरांबरोबर वाहतूक, मोकळ्या जागा आणि सामाजिक सहभाग यांचाही विचार आहे. नव्या इमारतींना परवानगी देताना निदान लिफ्ट, उतार आणि बसायला बाक एवढे तरी सक्तीचे करावे.

— एक वाचक