‘केयी’ म्हणणारे मूल चुकत नाही : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : वाचोपचाराच्या तपासणीत मुलाची घरची बोली आणि राहण्याचे ठिकाण विचारात घेण्याबाबत.

महोदय,

गेल्या पावसाळ्यात चार वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याची आई माझ्याकडे आली. तिने पिशवीतून जपून काढलेल्या अहवालात ‘उच्चारदोष : ळ ऐवजी य’ असे लिहिलेले होते. केळ्यांचे चित्र दाखवल्यावर तो ‘केयी’ म्हणाला होता आणि डोळ्याच्या चित्राला ‘डोया’. अहवाल एका मोठ्या शहरातल्या केंद्राचा होता आणि आठवड्यातून दोनदा उपचारासाठी यावे, असे त्यात सुचवले होते. हे सारे आईने मला अहिराणीत सांगितले, आणि सांगताना तीही ‘केयी’च म्हणत होती. तिच्या तोंडी जळगावचे ‘जयगाव’ होते आणि शाळेची ‘शाया’. मुलगा भाषा अगदी बरोबर शिकला होता, फक्त ती तपासणाऱ्याच्या कागदावर नव्हती.

मी खानदेशात वाचोपचाराचे, म्हणजे आता खेड्यातही ज्याला स्पीच थेरपी म्हणतात त्याचे, काम करते. माझे शिक्षण मुंबईत झाले आणि ते चांगले झाले, याबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘ळ’चा ‘य’ होणे हा खानदेशात आणि वऱ्हाडात रोग नसून रीत आहे, हे मला तिथे कोणी सांगितले नव्हते. ते मी इथल्या एसटी स्टँडवर शिकले.

याच चुकीची दुसरी बाजू मला अधिक छळते. सातपुड्यातल्या एका पाड्यावरची सात वर्षांची मुलगी ‘स’ आणि ‘श’ गाळून बोलत असे. शाळेत तिला दोन वर्षे ‘त्यांची भाषाच तशी’ म्हणून सोडून दिले होते. मी तिच्या आईला आणि भावंडांना बोलते केले. त्यांच्या बोलण्यात ते ध्वनी स्वच्छ होते. श्रवणचाचणीत निघाले की मुलीला उंच पट्टीतले आवाज ऐकूच येत नव्हते, आणि ‘स’चा बराचसा आवाज त्याच पट्टीत असतो. म्हणजे बोलीचे अज्ञान निरोगी मुलाला रोगी ठरवते आणि ज्याला खरोखर मदत हवी त्याला रांगेतून परत पाठवते. पहिल्या चुकीत पैसा आणि वेळ जातो. दुसऱ्या चुकीत मुलीच्या भाषा शिकण्याच्या वयातली दोन वर्षे गेली, आणि ती कोणालाच परत देता येणार नाहीत.

आपल्या राज्यात ही अडचण केवळ उच्चारापुरती नाही. इंग्रजी मुलांच्या भाषेतला दोष ओळखायला क्रियापदांचे जे प्रत्यय तपासतात, ते मराठीत नाहीतच. मराठी मूल अडखळेल ते ‘घोडा’चे ‘घोड्याला’ करताना, किंवा ‘आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं’ असे कर्माप्रमाणे क्रियापद फिरवताना. मग भामरागडच्या ज्या मुलाच्या घरी माडिया बोलली जाते, त्याचे काय? माडिया आणि गोंडी या द्रविड कुळातल्या भाषा आहेत आणि गोंडीत मराठीसारखी तीन लिंगे नाहीत. तो मुलगा मराठीत ‘ती’ आणि ‘ते’ यांची अदलाबदल करत असेल, तर तो दुसरी भाषा शिकतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. मेळघाटातली कोरकू तर आणखी वेगळ्या, मुंडा गटातली. तिच्यात एकवचन आणि अनेकवचन यांच्या जोडीला द्विवचनही आहे. या मुलांची परीक्षा प्रमाण मराठीत घेणे म्हणजे पुण्याच्या मुलाची परीक्षा तमिळमध्ये घेऊन त्याला मुका ठरवण्यासारखे आहे.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रातही हाच घोळ शिरतो. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकार आहेत आणि त्यांत वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे. त्याची टक्केवारी ठरवताना त्या व्यक्तीचे बोलणे ऐकणाऱ्याला किती समजते, हे पाहिले जाते. ऐकणाऱ्याला ती बोलीच येत नसेल, तर न समजलेले शब्द कोणाच्या खात्यावर मांडायचे?

तपासणीची रीतही तपासायला हवी. खुर्चीवर बसलेली अनोळखी व्यक्ती चेंडू दाखवून ‘हे काय आहे?’ असे विचारते. आमच्याकडच्या अनेक घरांत उत्तर ठाऊक असलेला प्रश्न मोठी माणसे मुलांना विचारत नाहीत, आणि मोठ्यांसमोर मुलाने गप्प राहणे हे चांगले वळण मानतात. मूल बोलत नाही, आणि अहवालात ‘अभिव्यक्ती कमी’ अशी नोंद होते. मी आता असे विचारत नाही. मुलाला बाहेर बसलेल्या आजीकडे निरोप घेऊन पाठवते : आजीला सांग, बाईंना पाणी हवे आहे आणि पिशवीतला डबाही हवा आहे. तो आजीला काय सांगतो, किती सांगतो, हे दाराआडून ऐकले की अर्ध्या तासाच्या चित्रांपेक्षा जास्त कळते. चित्रांच्या संचांबद्दल तर काय सांगावे; बर्फाचा माणूस आणि टोस्टर ओळखता न येणे हा शिरपूरच्या मुलाचा दोष असू शकत नाही. उलट त्याला येणारे आत्या, मावशी, काकू आणि मामी हे चार शब्द इंग्रजीवरून बेतलेल्या यादीत ‘आंटी’ या एकाच चौकटीत मोजले जातात.

एका सल्ल्याबद्दल मात्र मला कडकच बोलायचे आहे. मूल उशिरा बोलू लागले की अनेक ठिकाणी पालकांना सांगितले जाते, ‘घरात एकच भाषा बोला, शक्यतो इंग्रजी किंवा निदान शुद्ध मराठी.’ दोन भाषा ऐकल्यामुळे मुलांची वाचा खुंटते, याला आधार नाही. परिणाम मात्र दिसतो : जी आजी दिवसभर मुलाजवळ असते आणि जिला फक्त अहिराणी किंवा भिली येते, ती मुलाशी बोलायचेच थांबते. आई शेतात असते. बोटे मोजत म्हणायची बडबडगाणी, ज्यांतून मूल पाळीपाळीने बोलायला शिकते, ती आजीच्या तोंडून जातात आणि त्यांच्या जागी मोबाइल येतो. आजींच्या समजुती असतात, वेखंड उगाळून जिभेला लावण्यापासून ते ‘याचा बापही पाच वर्षांनी बोलला’ इथपर्यंत, आणि त्यांच्याशी मला रोज वाद घालावा लागतो. तरीही उपचारात माझी पहिली सहकारी तीच असते, कारण मी आठवड्यातून एक तास भेटते आणि ती रोज.

पक्षाघातानंतर गिळण्याचा त्रास होणारे रुग्णही आमच्याकडेच येतात. त्यांना छापील पत्रकात कस्टर्ड आणि ओट्स सुचवलेले असतात; घरात ज्वारीच्या कण्या आणि मुगाच्या खिचडीची पेज असते, आणि नीट दाटपणा साधला तर तीही चालते. तांब्याला ओठ न लावता मान मागे टाकून वरून पाणी पिणे ही आपल्याकडची जुनी सवय अशा रुग्णाला घातक ठरू शकते, कारण पाणी श्वासनलिकेत उतरण्याची भीती असते. परदेशी पत्रकात ही सूचना कशी असेल? तिथे असे पाणी पीत नाहीत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याची फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातात. भाषेचा विलंब आणि श्रवणदोष या दोन्ही गोष्टी त्यांच्या यादीत आहेत. ही व्यवस्था मला मोलाची वाटते. पण पथकाने शोधलेले मूल जिल्ह्याच्या केंद्रापर्यंत पोचावे कसे? धडगावहून घाट उतरून नंदुरबारला यायचे म्हणजे आईची एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे, तेही दर आठवड्याला. दिवाळीच्या सुमारास कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत जाते, बीडचे पश्चिम महाराष्ट्रात, आणि सहा महिने उपचार बंद पडतात. आमच्या नोंदवहीत त्याला ‘पालक अनियमित’ असे म्हणतात. कारखान्याचा हंगाम अत्यंत नियमित असतो, महोदय. अनियमित आहे ते आपले वेळापत्रक.

म्हणून माझी विनंती अशी, की वाचा-भाषेच्या प्रत्येक शासकीय अहवालात मुलाची घरची बोली कोणती आणि तपासताना ती जाणणारे कोण हजर होते, या दोन ओळी सक्तीच्या कराव्यात. याला एक परिपत्रक पुरेल, पैसा लागणार नाही. पैसा लागेल तो पुढच्या कामाला : अहिराणी, भिली, कोरकू, गोंडी आणि वऱ्हाडी घरांतली मुले कोणत्या वयात काय बोलतात, याच्या नोंदी करायला. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि वांद्र्याची वाचा व श्रवण दिव्यांगत्वावर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही दोन्ही राज्यातच आहेत. शिकणाऱ्यांना काही महिने मुंबई-पुण्याबाहेर, धारणी किंवा अक्कलकुव्यात पाठवले, तर हे काम आणि त्यांचे शिक्षण एकत्रच होईल. जिल्हा केंद्रांत कंत्राटी उपचारतज्ज्ञाच्या जोडीला स्थानिक बोली बोलणारी एक मदतनीस द्यावी. आणि स्थलांतर करणाऱ्या मुलाची उपचारपत्रिका त्याच्यासोबत जाईल, दुसऱ्या जिल्ह्यातले केंद्र तीच पुढे चालवील, एवढी सोय करावी.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा मीही पेढे वाटले. त्या मराठीच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या बोली बोलणाऱ्या मुलांच्या गेल्या सात वर्षांतल्या नोंदी माझ्याकडे आहेत. नावे वगळून त्या आपल्या विभागाला द्यायची माझी तयारी आहे. कोणाकडे पाठवायच्या, तेवढे कळवावे.

आपली विश्वासू,
एक वाचोपचार तज्ज्ञ, खानदेश