कुत्रा पट्ट्याला असेल, तर त्याला अंतर द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोसायट्यांमध्ये पाळीव कुत्र्यांवरून होणाऱ्या भांडणांच्या बातम्या आपल्या दैनिकात येत असतात. त्यात ज्यांची बाजू कधीच येत नाही, अशांपैकी मी एक आहे. अनोळखी माणूस किंवा दुसरा कुत्रा दिसला की माझा कुत्रा जोरजोरात भुंकतो आणि पट्टा ताणून पुढे झेपावतो. प्रशिक्षक अशा कुत्र्याला ‘रिॲक्टिव्ह’ म्हणतात, शेजारी ‘पिसाळलेला’ म्हणतात.

तो पिसाळलेला नाही, घाबरलेला आहे. लहानपणी इमारतीच्या पार्किंगमध्ये मोठ्या कुत्र्यांनी त्याला घेरून चावे घेतले होते. कुत्र्याच्या पिल्लाला जगाची ओळख होण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा असतो. त्या काळात माणसे, वाहने, इतर कुत्री दिसलीच नाहीत किंवा वाईट अनुभवच आले, तर भीती पुढे वर्षानुवर्षे टिकते. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायला 2017 च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे, तरीही आईपासून फार लवकर तोडलेली पिल्ले घरोघरी येतातच. कधी कारण निव्वळ शारीरिक असते. कान, दात किंवा कंबर दुखत असेल, तर शांत कुत्राही अंगावर येतो. म्हणून प्रशिक्षकाच्या आधी पशुवैद्यकाकडे जावे.

अशा कुत्र्यावरचा खरा उपाय म्हणजे अंतर. दुसरा कुत्रा लांबवर दिसतो आहे, पण आपला अजून भुंकत नाही आणि हातातला खाऊ खातो आहे, एवढे ते अंतर असावे लागते. तिथे उभे राहून, समोरचा कुत्रा दिसला रे दिसला की उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. असे महिनोन्‌महिने करत राहिले, की ‘कुत्रा दिसला म्हणजे संकट’ हे त्याच्या डोक्यातले समीकरण हळूहळू बदलते आणि अंतर थोडे थोडे कमी करता येते. एकदा तो भुंकायला लागला की मात्र त्या वेळी शिकणे संपले, मुकाट्याने वळून निघून जायचे. एक धक्का ओसरायच्या आत दुसरा बसला, तर तो जास्तच बिथरतो. दिवाळीच्या फटाक्यांनंतरचे काही दिवस तर त्याला गर्दीत नेऊच नये.

पुण्यातल्या गल्ल्यांत हे अंतर मिळवायचे कुठून? दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्या, कोपऱ्यावर कचऱ्यापाशी बसलेली भटकी कुत्री. म्हणून आम्ही पहाटे, रस्ते रिकामे असताना बाहेर पडतो. तेवढ्यात समोरून एखादा मोकळा सोडलेला पाळीव कुत्रा धावत येतो आणि मागून त्याचे मालक ओरडतात, ‘घाबरू नका, तो काही करत नाही, खेळायला येतोय!’ तुमचा करत नसेल हो, पण माझा पट्ट्याला बांधलेला आहे. त्याला पळून जाता येत नाही, मग तो लढायला उभा राहतो. अनेक आठवड्यांची मेहनत त्या अर्ध्या मिनिटात वाया जाते, आणि कुणाला दात लागले तर दोष माझ्या कुत्र्यालाच येतो.

अनोळखी माणसेही प्रेमापोटी थेट डोक्यावर हात ठेवायला वाकतात, डोळ्यांत रोखून बघतात. भित्र्या कुत्र्याला हे दोन्ही धमकीसारखे वाटते. ‘एक फटका द्या, सरळ होईल’ हा सल्ला तर रोजचाच. गुरगुरणे हा कुत्र्याचा इशारा असतो. मारून तो बंद केला की भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी इशारा न देताच चावा बसतो. अमेरिकेतील पशुवर्तन-वैद्यकांच्या संघटनेनेही 2021 च्या निवेदनात बक्षिसावर आधारित शिकवणीचाच आग्रह धरला आहे. विजेचा झटका देणारे पट्टे वेल्सने 2010 मध्येच बंद केले. आपल्याकडे ते सहज विकत मिळतात, याची मला चीड येते.

जबाबदारी अर्थातच आधी माझी आहे. पाळलेल्या प्राण्याबाबत हलगर्जी केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ते योग्यच आहे. जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला मुसक्याची सक्ती करता येत नाही. तरीही अशा कुत्र्याच्या मालकाने ते स्वतःहून वापरावे, असे माझे ठाम मत आहे. मात्र ते जाळीचे, सैलसर हवे. कुत्रा धापा टाकून अंग थंड ठेवतो, तोंड आवळणारी कापडी पट्टी उन्हात त्याच्या जिवावर बेतू शकते. मुसके घातलेला कुत्रा पाहून काही लोक शिव्या घालतात. खरे तर त्याच्या मालकाने तुमचीच काळजी घेतलेली असते.

सोसायट्यांकडून माझे मागणे फार मोठे नाही. आवारात प्रत्येक कुत्रा पट्ट्यालाच असावा, गरीब स्वभावाचासुद्धा. लिफ्टमध्ये कुत्रा असेल तर दुसऱ्या कुत्र्याला घेऊन आत शिरू नये. मुलांना ‘हात लावू का?’ असे आधी विचारायला शिकवावे, आणि उत्तर ‘नको’ आले तर ते मानावे.

स्वीडनमध्ये 2012 मध्ये सुरू झालेली एक साधी खूण आता अनेक देशांत वापरतात. कुत्र्याच्या पट्ट्याला पिवळी फीत बांधलेली दिसली, तर त्याच्या जवळ जायचे नाही. फीत बांधल्याने माझी जबाबदारी तसूभरही कमी होत नाही, पण समोरच्याला लांबूनच कळते. आमच्या सोसायटीत मी ही माहिती सूचना फलकावर लावली आहे. रस्त्यावर आणि बागेत भेटणारे लोक मात्र तो फलक वाचत नाहीत, आपले वृत्तपत्र वाचतात. ही माहिती आपण ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपली,
एक श्वानपालक वाचक, कोथरूड, पुणे