गिअरबॉक्सची तेलगळती आणि नाकारलेली वॉरंटी

दि. 24 मार्च 2025
ता. मिरज, जि. सांगली

प्रति,
सेवा विभाग प्रमुख

विषय: हळद पॉलिश ड्रमच्या गिअरबॉक्सबाबत तक्रार

महोदय,

आमच्या हळद पॉलिशच्या ड्रमसाठी जानेवारीत तुमचा 50 ला 1 चा वर्म गिअरबॉक्स घेतला. मोटर 1440 फेऱ्यांची, ड्रम मिनिटाला साधारण 29 वेळा फिरतो. बसवला तुमच्याच फिटरने. हंगाम सुरू झाला आणि मोटरकडच्या शाफ्टातून तेल यायला लागलं. नुसतं ठिबकलं असतं तर खाली डबा ठेवला असता, पण कपलिंग ते तेल भिरकावतं. दोन पोती तयार हळद डागाळली. असला माल सांगलीच्या यार्डात सौद्याला लावायची सोय नाही.

दोनदा ऑईल सील (शाफ्टाभोवतीची तेल अडवणारी रबरी कडी) बदललं, दोन्ही वेळा आमच्या पैशाने. दुसऱ्या खेपेला फिटरने "गळतंय तर जरा जास्त असू दे" म्हणत खुणेच्या वर तेल भरलं. जादा तेल घुसळून पेटी आणखी तापली. तिसऱ्या खेपेला तेल काढल्यावर तळाशी पिवळा गाळ दिसला. त्याने लगेच "ओव्हरलोड, व्हीलचं ब्रॉन्झ झिजलं", म्हणजे आतलं दातांचं चाक झिजून त्याचा चुरा पडला, असा शेरा लिहिला आणि तुम्ही वॉरंटी नाकारलीत.

तो गाळ पुसलेलं फडकं घरी धुण्यात गेलं. साबण लागला आणि लाल झालं. हळद उकडणाऱ्या घरात याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. व्हीलचे दातही तपासले, शाबूत आहेत.

मग बंद पेटीत हळद शिरली कशी? कुपवाडच्या लेथवाल्याने पहिलाच प्रश्न केला, "याचा ब्रीदर कुठाय?" ब्रीदर म्हणजे पेटीतल्या हवेला आत-बाहेर वाट देणारं बूच. त्याच्या जागी वाहतुकीसाठी लावलेला बंद प्लग तसाच होता. दुपारी ड्रम थांबवून तो सैल केला तर फुस्स करून हवा सुटली. पुन्हा घट्ट बसवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, पेटी गार झाल्यावर उघडला, तर हवा आत ओढली गेली. म्हणजे तापलेली हवा फुगते, तिला वाट नसते, ती सीलच्या ओठातून, म्हणजे शाफ्टाला टेकलेल्या रबरी कडेतून, तेल बाहेर रेटते. रात्री आकसते तेव्हा ओठाशी साचलेली हळदीची भुकटी आत खेचते. तीच भुकटी ओठात रुतून शाफ्टाला कानसासारखी घासते. आता शाफ्टावर नख अडकेल एवढी खाच आहे. नवं सील त्याच खाचेवर बसलं, तर ते कितीही चांगलं असलं तरी गळणारच. त्यातून दोन्ही वेळा बसवलं ते एका ओठाचं. भुकटीच्या जागी बाहेरच्या बाजूला धुळीचा दुसरा ओठ आणि दोन ओठांमध्ये ग्रीस हवं, हे ऑर्डर देताना "हळदीसाठी" असं सांगूनही कुणाला सुचलं नाही.

ब्रीदर परवा सापडला. तुमच्याच खोक्यात, थर्माकोलखाली, पिशवीसकट.

तेव्हा शाफ्ट बदलून द्या किंवा खाचेवर स्लीव्ह (पातळ नळी) बसवा, दोन ओठांचं सील आणि फिल्टरचा ब्रीदर लावा, दोन्ही सीलचे आणि मजुरीचे पैसे परत करा. डागाळलेल्या दोन पोत्यांचं काय करता ते तुम्हीच लिहून कळवा. हंगाम चालू आहे, आठ दिवसांत माणूस यावा.

काढलेली दोन्ही सीलं आणि उरलेला गाळ बाटलीत ठेवला आहे. साबण आमच्याकडे आहे.

आपला,
एक ग्राहक