मातेरं

बैदोआ, सोमालिया
११ जानेवारी २०२३

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "धान्य वाटतोस म्हणजे करतोस तरी काय रे?" आणि तेवढ्यात रेंज गेली. तसंही ते फोनवर सांगता आलं नसतं. म्हणून लिहितोय. ताई वाचून दाखवेल, तिला सावकाश वाचायला सांग.

मी बरा आहे. आईला सांग, अंधार पडल्यावर आम्ही बाहेर पडत नाही, आणि जेवण वेळेवर होतं.

आजी, हा मुलूख ज्वारीचा आहे. तुझ्या माहेरचं मंगळवेढं जसं ज्वारीवर उभं आहे, तसंच हे बैदोआ. चांगलं पिकलं की इथली माणसं जमिनीत पेव खणून ज्वारी साठवतात, तुमच्या वाड्यात होतं तसंच. ते ऐकलं तेव्हा मला एकदम तुझी आठवण झाली. पावसाचे हंगाम दोन, एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. २०२० च्या अखेरीपासून सलग पाच हंगाम कोरडे गेले. आधी पेवं खरवडून झाली, मग शेळ्या, गाई, उंट विकून झाले, उरलेलं जनावर दावणीला मेलं. त्यात आजूबाजूची बरीच गावं अल-शबाब या सशस्त्र कट्टरपंथी गटाच्या ताब्यात. तिथं मदत पोचू दिली जात नाही, म्हणून माणसं पोरं पाठुंगळी मारून दिवसचे दिवस चालत या शहराच्या कडेला येतात. काटक्या वाकवून त्यावर चिंध्या आणि प्लास्टिक टाकलं की झालं घर. मोगादिशू बंदरापासून बैदोआ साधारण २५० किलोमीटर, म्हणजे सोलापूर-पुणे एवढंच. पण त्या रस्त्यानं जाण्याची सोय नाही, आम्ही विमानानं येतो.

आमचं काम म्हणजे यादी, वजन आणि अंगठा. माणशी दिवसाला २१०० कॅलरी असा हिशोब धरलेला असतो, त्यात ज्वारी, डाळ आणि तेल. काहींना धान्याऐवजी मोबाइलवर पैसे जातात, ते बाजारातून घेतात. पैसे कमी पडले की हिशोब तोच राहतो आणि वाटा कापला जातो. लहान पोरांच्या दंडाला एक पट्टी गुंडाळून बघतात. घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की पट्टीवर लाल रंग दिसतो. अशा पोराला एक पाकीट देतात, ९२ ग्रॅमचं, पाचशे कॅलरीचं. आत काय असतं माहितीये? शेंगदाण्याचा लगदा, दूध पावडर, साखर, तेल. पाकीट फोडलं की तुझ्या खलबत्त्यातल्या कुटाचा वास येतो. पोर आधी बोट बुडवून चाखतं, मग सोडत नाही.

आता मागच्या महिन्यातलं सांगतो. त्यासाठीच हे पत्र आहे.

वाटप चालू असताना एक बाई आली, तुझ्या सुनेच्या वयाची असेल. त्याच पहाटे चालत पोचलेली, बरोबर दोन पोरं. यादीत नाव नाही. यादी दोन आठवड्यांपूर्वीची, आणि यादीबाहेर द्यायचं नाही हा नियम. नियम मला पटतो, कारण यादी सुटली की दांडगे पुढे येतात आणि अशी बाई मागंच राहते. मी दुभाष्याला सांगायला लावलं की नाव नोंदव, पुढच्या वेळी मिळेल. ती काही बोलली नाही. गेलीही नाही. वजनकाट्याजवळ गोणी फाटून ज्वारी सांडली होती, तिथं बसली. ओढणीचं टोक पसरलं आणि मातीसकट दाणे गोळा करायला लागली. मग सूप नाही म्हणून ओढणीच हलवून, फुंकर मारून माती उडवायला लागली. आजी, तुझाच हात होता तो. खळं उठल्यावर मातेरं पाखडताना तू मनगटाला जो हिसका देतेस ना, तोच. ही बाई जन्मभर ज्वारी पिकवत आलेली होती. मी तिच्यासमोर वही घेऊन उभा होतो.

तिचं नाव यादीत चढायला नऊ दिवस लागले. मी तेव्हा खिशातून काही दिलं नाही, मागं दोनशे माणसं बघत उभी होती. पण त्या रात्री मी भांडलो. आता फाटकाशीच एक टेबल असतं, नव्यानं आलेल्याची नोंद त्याच दिवशी होते, पोरांचा दंड तिथंच मोजतात आणि पाकिटं हातात देऊनच पुढं सोडतात. हे आधीच व्हायला हवं होतं.

घाई का, तेही सांगतो. २०११ च्या दुष्काळात सोमालियात सुमारे २ लाख ६० हजार माणसं गेली, त्यातली निम्मी पाच वर्षांच्या आतली पोरं. अधिकृतपणे दुष्काळ जाहीर होईपर्यंत बरीचशी गेलेलीच होती. गेल्या महिन्यात पुन्हा इशारा आलाय की मदत वाढली नाही तर एप्रिलपासून बैदोआत तेच दिवस येतील. म्हणून मी संक्रांतीला येत नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला या वर्षी तुम्हीच जा, माझ्या वाटचा नमस्कार सिद्धरामेश्वराला घाल.

एक विचारायचंय. ७२ च्या दुष्काळात तू पाझर तलावावर माती वाहिलीस. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती, त्यातली एक तू. तिथं खायला मिळायच्या त्या सुकडीचं तू सांगतेस. अमेरिकेच्या त्या लाल ज्वारीचं, मिलोचंही सांगतेस, भाकरी थापली की कडेनं फाटायची म्हणून. पण मिलो मोजून देणारा माणूस तुमच्याशी कसा बोलायचा, वर बघून बोलायचा की मापाकडे बघून, हे तू कधीच सांगितलं नाहीस. आठवत असेल तर ताईकडून लिहून पाठव. चांगलं असो, वाईट असो, जसं असेल तसं लिहायला सांग.

तुझा नातू