मेलचा पोर्ट २५ बंद ठेवा, पण ५८७ आणि ४६५ उघडा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

छोट्या व्यावसायिकांची नेटवर्क उभारून देणं आणि पुढे ती सांभाळणं हा माझा पेशा. त्यात एक तक्रार सतत कानावर येते: "तुमच्या गेस्ट वायफायवर मेल येतात, पण जात नाहीत." मग पाहुणा घाईघाईने पासवर्ड बदलतो, खातं काढून पुन्हा जोडतो. खातं काढताना आउटबॉक्समध्ये अडकलेला मेलही पुसला जातो. हे पाहून जीव तुटतो, कारण बहुतेक वेळा त्याच्या खात्यात काहीच बिघडलेलं नसतं.

मेल यायची वाट वेगळी आणि जायची वेगळी. येणारा मेल सहसा ९९३ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या क्रमांक दिलेल्या दारातून, उतरतो. पाठवण्यासाठी एसएमटीपी ही मेल पाठवायची ठरलेली पद्धत लागते आणि तिचा मूळ पोर्ट २५. १९८२ साली एसएमटीपीचे नियम ठरले तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख तपासायची सोय त्यात नव्हती. पुढे व्हायरस लागलेले संगणक याच पोर्टवरून बेसुमार स्पॅम सोडू लागले आणि इंटरनेट पुरवठादारांनी तो बंद करायला सुरुवात केली. ते योग्यच झालं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पासवर्ड मिळतो अशा वायफायवर २५ उघडा ठेवला, तर एका लॅपटॉपपायी त्या जागेचा आयपी पत्ता, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत जाऊ शकतो.

माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. नेमक्या या अडचणीवर १९९८ साली ५८७ हा वेगळा पोर्ट ठरवला गेला. आज तिथे सर्व्हर आधी लॉगिन मागतो, मगच मेल स्वीकारतो. पहिल्या क्षणापासून एन्क्रिप्शन (मजकूर कुलूपबंद करून पाठवणं) असलेल्या ४६५ लाही २०१८च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेटच्या नियमपत्राने मान्यता दिली. तरीही कित्येक ठिकाणी गेस्ट नेटवर्कवर सरसकट नियम असतो: वेबसाइटचे ८० आणि ४४३ आणि फार तर मेल उतरवणारा ९९३ सोडून सगळं बंद. अशा ठिकाणी ब्राउझरमधून मेल जातो, कारण तो ४४३वरून जातो. लॅपटॉपवरच्या मेल प्रोग्रॅममधून मात्र जात नाही, आणि पाहुणा स्वतःलाच दोष देत बसतो.

अडकलेल्यांनी आधी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तोच मेल पाठवून पाहावा. गेला, तर खातं ठीक आहे. मग जाणाऱ्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये पोर्ट बघा. जुन्या खात्यांत २५ राहून गेलेला असतो. ५८७ला स्टार्टटीएलएस (जोडणी झाल्यावर एन्क्रिप्शन सुरू करणारी सूचना) आणि ४६५ला एसएसएल/टीएलएस (सुरुवातीपासूनच एन्क्रिप्शन), ही जोडी चुकली तरी मेल नुसता लटकतो. एररही नीट वाचा. 'टाइमआउट' आला तर वाट अडलेली असण्याची शक्यता जास्त. ५३५ हा एरर क्रमांक आला तर सर्व्हरपर्यंत पोचलात, पण लॉगिन नाकारलं गेलं. पासवर्डकडे वळायचं ते तेव्हा.

एका बाबतीत मात्र कळकळीने सांगते. सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, जुळत नसल्याचा इशारा आला तर 'पुढे चला' दाबू नका. सर्व्हरच्या नावाने मधलंच कुणीतरी उत्तर देत असेल, तर तुमचा पासवर्ड त्याच्या हाती जाईल. काही फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा अडवणाऱ्या यंत्रणा, मेलची तपासणी करताना स्टार्टटीएलएसची सूचनाच खोडून टाकतात. अशा वेळी 'शक्य असेल तर एन्क्रिप्शन' अशी सेटिंग असलेला प्रोग्रॅम पासवर्ड उघडाच पाठवू शकतो. म्हणून एन्क्रिप्शन सक्तीचं ठेवा. काम अगदीच अडलं, तर वेबमेल किंवा स्वतःचा मोबाइल डेटा वापरा.

व्यावसायिकांना माझी विनंती आहे की आपल्या नेटवर्कवाल्याला आजच विचारा: गेस्ट वायफायवरून बाहेर जाणारे ५८७ आणि ४६५ चालू आहेत का? २५ बंदच राहू द्या. हा बदल म्हणजे फायरवॉलमधला एखादा नियम, त्याला नवं यंत्र लागत नाही. आणि काही कारणाने हे पोर्ट बंदच ठेवायचे असतील, तर वायफायचा पासवर्ड देता त्याच कागदावर लिहा: "इथून मेल प्रोग्रॅममधून मेल जात नाही, ब्राउझर वापरा."

आपली,
एक नेटवर्क तंत्रज्ञ