तुला काम दिसावं म्हणून

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

समोर बसून बोलले तर तू "हो गं, कळलं" म्हणून उठून जाशील, म्हणून लिहून ठेवतेय. नीट वाच.

रविवारी मामा-मामी जेवायला आले होते. जेवणं झाल्यावर तू हात धुतलेस आणि कॉटवर पडून मोबाईल घेतलास. ताईने मात्र कुणी न सांगता ताटं उचलली, खरकटं काढलं, फरशी पुसून घेतली. मी चिडून म्हटलं, "तुला काम दिसत नाही का रे?" आणि तू खरंच गोंधळून विचारलंस, "कुठलं काम?"

तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये. तू उलट उत्तर देत नव्हतास, तुला ते दिसलंच नव्हतं. आणि यात चूक माझी आहे. ताई नऊ वर्षांची असल्यापासून आजी तिला नुसती डोळ्याने खूण करायची की ही तांब्या-भांडी मांडायला पळायची. तू मात्र अंघोळीला गेलास की तुझ्या अंथरुणाची घडी मी घातलेली, डबा घासलेला, मोजे जोडी लावून ठेवलेले. तुझ्या नजरेस पडायच्या आत मी सगळं उरकत आले.

२०१९ साली तू दुसरीत होतास, आठवतं? बालभारतीच्या नव्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडतायत असं चित्र होतं. ते घेऊन तू स्वयंपाकघरात आलास आणि विचारलंस, "आपले बाबा का नाही निवडत?" मी म्हटलं, "त्यांना ऑफिस असतं." मीही नुकतीच ऑफिसातून आले होते, पर्स अजून ओट्यावरच होती. त्याच वर्षी केंद्र सरकारने लोकांचा दिवस कशात जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. तीही जे करतात त्यांचीच, आणि त्या दिवशी घरकामाला हात लावलेले पुरुष शंभरात २६ होते. तेव्हाच तुझ्या हातात मेथीची जुडी द्यायला हवी होती रे.

आता आठवीत आहेस. या शनिवारी भाकरी शिकवते. ज्वारीचं पीठ कढत पाण्याने भिजवायचं, मग तळहाताच्या टाचेने मळत राहायचं, गोळ्याच्या कडा फुटेनाशा होईपर्यंत. इथे कंटाळा केलास तर थापताना चिरा पडणारच. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, तिच्यावर लगेच ओला हात फिरवायचा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. खालची, पाण्याची बाजू चांगली भाजली की दुसरी बाजू जाळावर धरायची. फुगली की बघ कसं वाटतं! पहिल्या चार-पाच नकाशेच होतील. होऊ देत, आपण खाऊ. वर शेंगाचटणी आणि तेल आहेच.

भाकरीनंतर परात तूच घासायची, सुकलेलं पीठ नखाने निघत नाही, आधी भिजत घालावं लागतं. हे मी आत्ताच सांगतेय, पण पुढचं सांगणार नाही. सिंक तुंबलंय, दुधाची पिशवी बाहेर उन्हात पडलीय, गॅस संपत आलाय, ते तुझं तुला दिसू दे. आणि याला "आईला मदत" म्हणू नकोस. घर तुझंही आहे. बाबांशीही बोलले आहे. ते आधी गप्प बसले, मग म्हणाले, "मला कुणी शिकवलंच नाही." ते खरंच आहे. शनिवारी तेही परातीशी बसतील.

सोलापुरात पाण्याचा दिवस चुकला तर काय होतं ते तुला माहीतच आहे. यावेळी पाणी गुरुवारी पहाटे येईल. पिंप, दोन्ही बादल्या, प्यायच्या पाण्याची घागर, आणि मोरीतला ड्रम सगळ्यात शेवटी. प्यायचं भरताना गाळणं लाव. गजर तुझ्या मोबाईलवर लावून ठेव. मी उठणार नाहीये.

तुझी,
आई